बारीक अक्षरांतली माणसं

सूमोच्या प्रत्येक मोठ्या स्पर्धेआधी, सहसा तेरा दिवस, एक कागद प्रसिद्ध होतो. त्याचं नाव बान्झुके. जपानमधल्या सगळ्या व्यावसायिक सूमो मल्लांची ती क्रमवारी असते. आखाड्यातले पंच ती हातानं ब्रशनं लिहितात आणि मग ती लहान करून छापली जाते. सर्वांत वरच्या ओळीत योकोझुनांची, म्हणजे सर्वोच्च पदावरच्या मल्लांची, नावं ठसठशीत, जाड अक्षरांत. जसजसं खाली यावं तसतशी अक्षरं बारीक होत जातात, आणि तळाच्या जोनोकुची वर्गाशी पोचेपर्यंत ती केसाएवढी होतात. इतकी, की त्या वर्गातल्या मल्लांना जपानी बोलीत 'भिंग' असंच नाव पडलं आहे. कागदावर सुमारे ६०० नावं असतात. जग ज्यांना सूमो मल्ल म्हणून ओळखतं ते त्यांतले वरच्या वर्गातले ४२. उरलेल्यांपैकी एखादं नाव निवडून वर्षानुवर्षं त्याच्या बढतीवर डोळा ठेवणारे रसिक जपानात आहेत आणि जपानबाहेरही आहेत. बाहेरच्याला हा छंद विक्षिप्त वाटतो. वर एवढे नामवंत असताना खालच्या अनोळखी पोरांचे निकाल कशाला बघत बसायचं? माझं म्हणणं असं, की सूमोतली सर्वांत खरी चुरस खालीच असते, आणि याचं कारण भाबडं प्रेम नसून या खेळाच्या रचनेतच आहे.

रचना आधी समजून घेऊ. तळापासून जोनोकुची, जोनिदान, सानदानमे, माकुशिता, जूर्यो आणि माकुउची अशा सहा पायऱ्या आहेत. दर विषम महिन्यात, म्हणजे वर्षातून सहा वेळा, पंधरा दिवसांची स्पर्धा होते आणि तिच्या निकालावर प्रत्येकाचं स्थान नव्यानं ठरतं. जिंकलेल्या कुस्त्या हरलेल्यांपेक्षा जास्त असतील तर वर, कमी असतील तर खाली. वरच्या दोन वर्गांतले मल्ल रोज एक याप्रमाणे पंधरा कुस्त्या खेळतात, खालच्या चार वर्गांतले फक्त सात. पण खरी दरी आहे ती माकुशिता आणि जूर्यो यांच्या मधोमध. जूर्योत पाऊल ठेवलेला मल्ल सेकितोरी होतो, आणि सेकितोरींच्या जागा एकूण ७०च आहेत: माकुउचीच्या ४२, जूर्योच्या २८. २०१९ साली ठरलेल्या दरांनुसार जूर्योतल्या मल्लाला महिन्याला ११ लाख येन पगार मिळतो. माकुशितातल्याला पगारच नाही. दर स्पर्धेला, म्हणजे दोन महिन्यांतून एकदा, १,६५,००० येन भत्ता हातावर पडतो. दोन महिन्यांचा हिशोब केला तर एका पायरीचा फरक तेरा पटींचा.

आणि पैसा हा त्यातला एकच भाग. तालमीत खालच्या मल्लानं पहाटे आधी उठायचं, स्वयंपाक करायचा, सेकितोरीच्या पाठीला साबण लावायचा आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं. झोपायला सामायिक दालन. सेकितोरीला स्वतंत्र खोली असते, दिमतीला सेवक असतात आणि ते सेवक म्हणजे हीच खालची मुलं. कमरेच्या पट्ट्यावरूनसुद्धा भेद दिसतो. खालच्यांचा पट्टा काळा, सुती, सरावाला तोच आणि स्पर्धेलाही तोच. सेकितोरीचा सरावाचा पट्टा पांढरा आणि स्पर्धेचा रेशमी. पट्ट्याच्या पुढे लोंबणाऱ्या दोऱ्या बघाव्यात: सेकितोरीच्या दोऱ्या समुद्रशेवाळाच्या खळीनं ताठ केलेल्या असतात, सळईसारख्या उभ्या. खालच्या मल्लाच्या दोऱ्या मऊ, चालताना मांड्यांवर हेलकावणाऱ्या. ज्याला 'आपला' म्हणून निवडलं, त्याच्या दोऱ्या कधी ताठ होतात याची वाट बघण्यात रसिकांची वर्षं जातात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अर्थशास्त्रज्ञ मार्क डगन आणि स्टीव्हन लेविट यांनी २००२ साली सूमोवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या वर्गांत पंधरापैकी आठ कुस्त्या जिंकणं हा उंबरठा असतो. शेवटच्या दिवशी ७-७ वर असलेल्याला जिंकणं अत्यावश्यक असतं, तर ८-६ वर असलेल्याचं काम आधीच झालेलं असतं. अशा दोघांची गाठ पडली की ७-७ वाला जवळजवळ ८० टक्के वेळा जिंकत होता. दोघांच्या आधीच्या कामगिरीवरून अपेक्षा जेमतेम निम्म्याची होती. याचा अर्थ काय असू शकतो, हे पुढे उघड झालं. २०११ साली मल्लांच्या मोबाइलवर कुस्त्या ठरवून खेळल्याचे संदेश सापडले. त्यात जूर्योतले मल्ल मोठ्या संख्येनं गुंतलेले होते. मार्चमधली ओसाकाची स्पर्धा रद्द करावी लागली आणि कित्येकांना सूमो सोडावं लागलं. खाली घसरलं की पगार शून्य, ही भीती त्या व्यवहाराच्या मुळाशी होती.

खालच्या वर्गांत असं करणं अवघड का जातं, ते जोड्या लावण्याच्या पद्धतीत आहे. तिथे समान कामगिरीचेच मल्ल एकमेकांसमोर येतात. पहिली कुस्ती जिंकलेला दुसऱ्या फेरीत पहिली जिंकलेल्याशीच लढतो, दोन हरलेला दोन हरलेल्याशी. शेवटपर्यंत हाच क्रम चालतो. अपवाद होतात, एका तालमीच्या दोघांना साखळीत समोरासमोर आणत नाहीत, पण नियम हाच. म्हणून सातव्या कुस्तीला ३-३ वर असलेल्यासमोर ३-३ वालाच उभा असतो. दोघांनाही चौथा विजय हवाच असतो. उसना द्यायला कुणाकडेच जास्तीचा विजय नसतो. वरच्या वर्गात शेवटच्या दिवशी एक गरजू आणि एक निवांत अशी जोडी लागू शकते, इथे मात्र दोघेही सारखेच गरजू. या एका गोष्टीमुळे मला खालची बढती अधिक विश्वासार्ह वाटते. गणितही सोपं आहे. माकुशितात १२० मल्ल असतात. प्रत्येक फेरीत अपराजितांची संख्या निम्मी होते आणि सहा फेऱ्यांनंतर दोघेच उरतात. त्यांची गाठ पडते आणि ७-० करणारा बहुधा एकच निघतो.

या ७-० ला वेगळं वजन आहे. माकुशिताच्या पहिल्या पंधरा क्रमांकांत राहून सातही कुस्त्या जिंकल्या की जूर्यो मिळतोच, असा अलिखित संकेत आहे. जानेवारी २०२३ मध्ये ओचिआई या तरुणानं हेच केलं. हौशी सूमोतल्या कामगिरीमुळे त्याला थेट पंधराव्या क्रमांकावरून सुरुवात मिळाली होती. तो सातही कुस्त्या जिंकला आणि एकाच स्पर्धेत सेकितोरी झाला. पुढे हाकुओहो या नावानं तो माकुउचीत गेला. पण हा अपवाद. बहुतेकांच्या बाबतीत बढती हा रिकाम्या जागांचा प्रश्न असतो. जूर्योच्या जागा ठरलेल्या, तेव्हा तिथून कुणी घसरल्याशिवाय किंवा निवृत्त झाल्याशिवाय वर जागा होत नाही. म्हणून जाणता रसिक आपल्या माणसाच्या निकालाबरोबर जूर्योच्या तळाशी कोण हरतंय हेही रोज बघतो. माकुशितात पहिल्या क्रमांकावर ४-३ पुरते, पाचव्या क्रमांकावर ५-२ करूनही जागा नसली तर तिथेच थांबावं लागतं. कधी कधी माकुशिताच्या वरच्या मल्लाला स्पर्धेच्या शेवटच्या दिवसांत जूर्योतल्या घसरणाऱ्या मल्लासमोर उभं करतात. त्या एका दिवसापुरती त्याची केशरचना सेकितोरीसारखी, गिंकोच्या पानासारखी पसरलेली बांधतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा साधी गाठ.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की हे भाकीत म्हणजे अंदाजपंचे. ज्याच्यात खरा दम आहे तो वर जाणारच, मग खालच्या पायऱ्या मोजत बसून काय मिळतं? त्यात विद्यापीठांतून येणारे विजेते तळाच्या पायऱ्या गाळूनच येतात. त्यातलं तथ्य नाकारत नाही. पण ओनोसातोचंच उदाहरण घ्या. दोनदा हौशी योकोझुना ठरलेला हा मल्ल मे २०२३ मध्ये माकुशिताच्या दहाव्या क्रमांकावरून सुरू झाला आणि पहिलीच कुस्ती हरला. पुढच्या स्पर्धेत माकुशिताच्या वरच्या टोकाला असताना त्यानं ४-३ केलं आणि तेवढ्यावर त्याला जूर्यो मिळाला. एक कुस्ती उलटी गेली असती तर बढती तेव्हा हुकली असती. दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, तो ७५वा योकोझुना झाला. सात कुस्त्या हा फार लहान नमुना आहे, हे तर खरंच. सारख्या ताकदीच्या माणसांत ४-३ आणि ३-४ यांच्यातलं अंतर कित्येकदा एका निसटलेल्या पायाचं असतं. म्हणूनच एका स्पर्धेवरून भविष्य सांगता येत नाही, आणि म्हणूनच चार-पाच वर्षं बघावं लागतं. माणूस कुणाकडून हरतो, धडक देताना त्याची मान खाली जाते का, मागे हटताना गुडघा सावरतो का, हे त्या काळात कळत जातं. निकालाच्या आकड्यापेक्षा मी या गोष्टींवर जास्त भरवसा ठेवीन. पायऱ्या गाळण्याची सवलतही २०२३ मध्ये आखडती घेतली गेली. आता चांगल्यातल्या चांगल्या हौशी मल्लाला माकुशिताच्या तळापासून सुरुवात करावी लागते.

आणि दम असलेला वर जातोच, पण तिथेच राहतो असं कुठे आहे? स्पर्धेत झालेल्या दुखापतीला पूर्वी क्रमवारीत संरक्षण असे. २००३ नंतर ते काढून टाकलं गेलं. आता मल्ल उतरलाच नाही तर ते दिवस पराभवासारखेच मोजले जातात आणि गुडघा बरा होईपर्यंत माणूस तीन पायऱ्या उतरलेला असतो. उरा हा मल्ल २०१७ साली योकोझुना हारुमाफुजीला हरवून गेला, मग दोनदा गुडघा गेला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तो जोनिदानच्या तळाशी होता. २०२१ मध्ये तो माकुउचीत परतला. एन्हो अवघा १६८ सेंटिमीटर उंच. २०१७ साली त्यानं सुरुवातीच्या २१ कुस्त्या सलग जिंकल्या आणि पुढे माकुउचीत नाव काढलं. मानेच्या दुखापतीनंतर तो जुलै २०२४ मध्ये पुन्हा जोनोकुचीतून, पहिल्या पायरीवरून लढला. तेरुनोफुजीची कहाणी तर सूमोत आजही सांगितली जाते. योकोझुनाच्या लगेच खालच्या ओझेकी पदावरून गुडघे आणि मधुमेहानं तो असा खचला, की मार्च २०१९ मध्ये जोनिदानच्या ४८व्या क्रमांकावर त्याला उतरावं लागलं. ओझेकी राहिलेला कुणी इतका खाली कधी आला नव्हता. त्यानं अनेकदा निवृत्ती मागितली, वस्तादांनी दिली नाही. जुलै २०२० मध्ये माकुउचीत परतलेल्या पहिल्याच स्पर्धेत तो अजिंक्य ठरला आणि वर्षभरानं ७३वा योकोझुना झाला. फक्त वरचे ४२ बघणाऱ्याला तो मधली दोन वर्षं नाहीसा झाल्यासारखा वाटला असेल. खालचे निकाल वाचणाऱ्यांनी त्याला एकेक पायरी चढताना पाहिलं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला टाळायचा नाही. पगाराविना राबणाऱ्या, शाळा सुटल्यासुटल्या तालमीत आलेल्या मुलांच्या धडपडीत आपण रस शोधतो, हे क्रूर नाही का? २००७ साली एका तालमीत सतरा वर्षांच्या शिकाऊ मल्लाचा मारहाणीत मृत्यू झाला आणि त्याच्या वस्तादाला शिक्षा झाली. अशा घटना घडल्या त्या बंद दाराआड, आणि जगाचं लक्ष नसलेल्या तळाच्या पायरीवर. जिथे कुणी बघत नाही तिथे अन्याय बिनबोभाट चालतो. एखाद्या मुलाचं नाव, गाव, तालीम माहीत असलेले शंभर लोक असतील, आणि तो दोन स्पर्धा का दिसला नाही असं ते विचारणार असतील, तर ते त्या मुलाच्या बाजूचंच आहे. शिवाय खालच्या मल्लावरचं प्रेम फक्त बढतीच्या आशेवर जगत नाही. हात्तोरिझाकुरा या नावानं ओळखला गेलेला मल्ल कारकिर्दीत ३ कुस्त्या जिंकला आणि २३८ हरला, तरी त्याच्या कुस्तीला टाळ्या पडायच्या. हानाकाझे १९८६ साली आला आणि २०२२ मध्ये ५१व्या वर्षी निवृत्त झाला. जूर्यो त्यानं कधी पाहिला नाही. अशांच्या बाबतीत शक्यता शून्याजवळ आहे हे रसिकाला पक्कं ठाऊक असतं. तरी तो दर दुसऱ्या दिवशी निकाल बघतो, कारण त्या माणसानं आज पुन्हा आखाड्यात पाय ठेवला का, हेच त्याला कळून घ्यायचं असतं.

स्पर्धेच्या तेराव्या ते पंधराव्या दिवसात खालच्यांची सातवी कुस्ती होते. टोकियोच्या कोकुगिकानमध्ये अकरा हजार माणसं मावतात, पण सकाळी बहुतेक बैठका रिकाम्या असतात. पंचही अनवाणी, कारण पायमोजे घालण्याचा मान त्यालाही वरच्या पायरीवर पोचल्यावरच मिळतो. मीठ उधळण्याचा विधी नाही, बक्षिसाची पाकिटं नाहीत. ३-३ वरचे दोन मल्ल समोरासमोर बसतात, हात मातीला टेकतात आणि काही सेकंदांत एकाचा पाय दोराबाहेर पडतो. दोघे वाकून नमस्कार करतात आणि दुपारी आपापल्या तालमीत कामाला लागतात. जूर्योत चढणाऱ्यांची नावं स्पर्धा संपल्यावर तिसऱ्या दिवशी जाहीर होतात, कारण त्यांना जरीचा समारंभी पट्टा करून घ्यायला वेळ लागतो. या दोघांना आपण नेमके किती सरकलो हे नवा कागद निघेपर्यंत, जवळजवळ महिनाभर, कळत नाही.