मुलामा, बेगड आणि धातुरंग : एक शब्दविचार

वस्तूस धातूची चकाकी आणण्याच्या निरनिराळ्या रीतींना मराठीत निरनिराळी नावे आहेत. ही नावे समानार्थी नव्हेत. त्यांतील भेद चकाकीवरून झालेला नसून धातू पृष्ठभागास कसा जोडला जातो यावरून झालेला आहे.

कल्हईत तापविलेल्या भांड्यावर नवसागराच्या साहाय्याने कथील वितळवून पसरवितात. कथिलाच्या अरबी नावावरूनच हा शब्द आला. मुलाम्यात हलक्या धातूवर सोन्यारुप्याचा पातळ थर चढतो. त्याच्या मूळ अरबी शब्दात 'चकाकविणे' हा अर्थ आहे. वर्ख म्हणजे ठोकून केलेले पान. बेगड मात्र केवळ चिकटविलेली असते. 'बेगडी' या विशेषणास 'खोटे' हा अर्थ त्यामुळेच आला असावा.

या शब्दांची मर्यादा खेळण्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर हा झाडीपट्टीचा मुलूख. विदर्भात इतरत्र होतो तसा येथेही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होतो आणि मुले चाकांवरचा लाकडी नंदी दोरीने ओढीत नेतात. नंदीला बेगड लावली तर ती लाकडावर वेगळी ओळखू येते. शिंगांना सोनेरी रंग दिला तर स्थिती बदलते. जुन्या पद्धतीच्या सोनेरी रंगात पितळेची पूड असते, चंदेरीत ॲल्युमिनियमची. म्हणजे धातू खराच. परंतु तो वितळविलेला नाही, ठोकून बसविलेला नाही, तर रोगणात विखुरलेला आहे.

दोरीच्या जागी रेडिओलहरी आल्या, तेव्हा ही अडचण अधिकच वाढली. रेडिओनियंत्रित मोटारीचे कवच बहुधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे असते व ते आतील बाजूने रंगवितात. त्यामुळे थरांचा क्रम उलटा होतो : जो थर प्रथम दिसावयाचा तो प्रथम द्यावयाचा आणि त्याच्या पाठीशी काळा वा चंदेरी थर. रंगातील धातूचे सूक्ष्म पापुद्रे पृष्ठभागाशी समांतर निजले, तर समोरून तेज व तिरकस पाहता गडदपणा दिसतो. एकदम जाड थर दिल्यास ते अस्ताव्यस्त राहतात व डाग पडल्यासारखे दिसते. म्हणून अनेक विरळ थर द्यावे लागतात.

येथे 'मुलामा' म्हणणे दोन्ही अंगांनी चुकीचे ठरते. मुलामा वरून चढतो, येथे धातू कवचाच्या आत आहे. मुलामा सलग असतो, येथे तो तुटक आहे. 'बेगडी' म्हणणेही अन्यायाचे, कारण चिकटविलेले असे येथे काही नाही. 'धातुरंग' हा शब्द घटक व माध्यम दोन्ही सांगतो आणि थराच्या स्थानाविषयी काहीच गृहीत धरीत नाही. म्हणून तो अधिक ग्राह्य होय.

परिभाषा घडविताना बहुधा परकीय शब्दाचा प्रतिशब्द शोधण्यापासून आरंभ होतो. वरील विवेचनावरून दिसते की, कारागिराची रीत प्रथम समजून घेणे हा अधिक सुरक्षित आरंभ आहे. कल्हई आणि बेगड यांतील भेद भाषेने याच मार्गाने राखला आहे.