बांधावरचे छोटे चतुर

भाताच्या खाचरात निंदणी करताना पायापुढून भुर्रकन उडणारा आणि दोन हातांवर पुन्हा जमिनीवर बसणारा इंचभर लांबीचा कीटक आपण सगळ्याच पाहतो. तो चतुर. आज आपण त्याच्याबद्दल बोलू.

चतुरांत मोठे-छोटे पुष्कळ प्रकार आहेत. खाचर, डबकं, तळ्याचा काठ अशा पाणथळ जागी राहणारे हे त्यातले छोटे. मादी हिरवट-पिवळी, अंगावर काळ्या खुणा. नर तरुणपणी तसाच दिसतो. पुढे त्याच्या अंगावर निळसर भुकटी चढते. याच्याच एका भाऊबंदाच्या पंखांची टोकं काळी असतात. बसताना चतुर पंख पसरून ठेवतो. पंख मिटून बसणारी, काडीसारखी बारीक असते ती टाचणी.

मादी शेपटीचं टोक पाण्यात बुडवून अंडी सोडते. पिल्लं पाण्यातच वाढतात. त्यांचा खालचा ओठ घडीच्या हातासारखा झटकन पुढे येतो आणि डासाची अळी पकडतो. वाढ पुरी झाली की पिल्लू एखाद्या काडीवर चढतं, पाठीची कात फाटते आणि आतून चतुर बाहेर येतो. धुऱ्यावरच्या गवताला चिकटलेली ती रिकामी कात जरूर बघा. मोठा चतुर उडते डास, चिलटं, तुडतुडे खातो. तो माणसाला डंख मारत नाही. त्याला नांगीच नसते.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, नुसत्या शंकेवरून फवारणी नको. आधी भाताचा चूड वाकवून बुंध्याशी तुडतुडे किती आहेत ते मोजा आणि कृषी सहायकांना विचारा. औषधाने चतुर आणि कोळीही मरतात. मग तपकिरी तुडतुडे आणखी जोरात वाढू शकतात, आणि औषधाचा खर्च पुन्हा आपल्याच माथी.

दुसरी, सगळा भार चतुरावर टाकू नका. डेंग्यूचा डास घरातल्या रांजणात, टाकीत, टायरात वाढतो. तिथे चतुर पोचत नाही. आठवड्यातून एक दिवस भांडी घासून कोरडी करायची, ते काम आपलंच.

आणि मुलं चतुराच्या शेपटीला दोरा बांधत असतील, तर त्यांना रागावण्याआधी हे सगळं सांगा. पुढच्या बैठकीत बांधावर कोणते चतुर दिसले, ते एकमेकींना सांगू या.