वांद्रे येथील मोत माउलीचे चर्च : इतिहास व वास्तुरचना

देवीचे स्थान डोंगरावर असावे ही कल्पना आपणांस नवी नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेलगतचा माहूरचा रेणुकेचा डोंगर सर्वपरिचित आहे. मुंबईतील वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरी चर्चला कोळी समाज 'मोत माउली' म्हणतो. 'मोत' हे पोर्तुगीज 'मोंते' म्हणजे डोंगर या शब्दाचे रूप मानले जाते. 'माउली' मात्र निखळ मराठी आहे. प्रस्तुत लेखात या वास्तूचा परिचय करून दिला आहे.

सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी माहीमच्या खाडीच्या मुखावर किल्ला बांधला व जवळच्या टेकडीवर मेरीचे प्रार्थनामंदिर उभारले. मराठे-पोर्तुगीज संघर्षात ते नष्ट झाले. १७३९ मध्ये वसई पडली आणि साष्टी मराठ्यांकडे आली. पुढे १७६० च्या सुमारास टेकडीवर पुन्हा चर्च उभे राहिले. साष्टी इंग्रजांच्या हाती गेली ती १७७४ च्या अखेरीस. अर्थात ही पुनर्बांधणी पेशव्यांच्या अमलात झाली! वसईच्या मोहिमेविषयी आपण जेवढे लिहितो, तेवढे या घटनेविषयी लिहीत नाही, ही उणीवच म्हणावी लागेल.

आजची इमारत १९०४ ची असून शापूरजी चंदाभॉय या मुंबईच्या वास्तुशिल्पज्ञाने तिचा आराखडा केला. खर्च सुमारे १ लाख रुपये आला. शैली नवगॉथिक, म्हणजे राजाबाई टॉवर व व्हिक्टोरिया टर्मिनस यांच्या परिवारातील. या शैलीचा प्राण टोकदार कमान होय. अर्धवर्तुळाकार कमान वरचा भार बाजूंना अधिक ढकलते. टोकदार कमान तो अधिक उभ्या दिशेने खाली उतरवते. त्यामुळे समान रुंदीतही उंची साधता येते. येथे पायऱ्यांची चढण आणि दोन्ही बाजूंचे निमुळते मनोरे मिळून दृष्टीला सतत वर नेतात. टेकडीची नैसर्गिक उंची वास्तूनेच जणू पुढे चालू ठेवली आहे. समुद्रावर उपजीविका करणाऱ्यांना तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

१९५४ मध्ये या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून येथे आठवडाभर जत्रा भरते. तीत हात, पाय, घर अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू नवसापोटी वाहिल्या जातात. दुखणाऱ्या अवयवाची प्रतिकृती देवापुढे ठेवण्याची रीत आपल्याकडेही आहे. तेथे ती चांदीची असते, एवढाच फरक. वाहणाऱ्यांत हिंदूंची संख्याही मोठी असते.