पत्रिकेतला मंगळ आणि आकाशातला मंगळ

गेल्या वर्षी बुद्ध पौर्णिमेनंतरच्या रविवारी इथे उंब्रजमध्ये एका सोयरिकीच्या बैठकीला मला बसवले होते. दोन्ही घरे आपलीच. भिंतीवर तथागत आणि परमपूज्य बाबासाहेब. त्रिसरण-पंचशील झाले, पोहे-चहा झाला. मुलगी शिकलेली, मुलगा कंपनीत कायम. सगळे जुळत आले आणि मुलाच्या आत्याने हळूच विचारले, "पोरीची जन्मवेळ काय हो? मंगळ-बिंगळ नाही ना?" मुलीच्या आईचा चेहरा उतरला.

१९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण देव्हारे रिकामे केले. पण काही घरांत ट्रंकेच्या तळाशी पत्रिका राहून गेली असावी.

मी काही खगोलशास्त्रज्ञ नव्हे. बी.कॉम. होऊन कारकुनी करणारा माणूस. पण हिशेब तपासायची सवय आहे, म्हणून त्या मंगळाचाच हिशेब मांडून पाहिला.

मंगळ हा पृथ्वीसारखाच सूर्याभोवती फिरणारा एक गोळा. पृथ्वीची फेरी ३६५ दिवसांची, मंगळाची ६८७ दिवसांची. ग्रह वाटेल तसे भटकत नाहीत, लंबवर्तुळात फिरतात, सूर्याजवळ आले की वेग वाढतो, लांब गेले की मंदावतो, हे योहान्स केप्लरने १६०९ साली जगापुढे मांडले. विशेष म्हणजे हे नियम त्याला मंगळाच्याच नोंदी वर्षानुवर्षे तपासून सापडले. ज्या ग्रहाने आपल्याला घाबरवले, त्यानेच विज्ञानाला नियम दिला!

मंगळ 'वक्री' होतो म्हणतात, म्हणजे उलटा चालतो. महामार्गाने कराडला जाताना एस.टी.च्या खिडकीतून पाहा. उसाची ट्रॉली आपल्याच दिशेने चाललेली असते, पण एस.टी. तिला मागे टाकते तेव्हा लांबच्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर ती मागे सरकल्यासारखी दिसते. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, मंगळ २४. दर २६ महिन्यांनी आपण त्याला गाठून पुढे जातो. एवढाच तो वक्रीपणा.

आता दोषाचा हिशेब. पत्रिकेत घरे बारा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ आला की मुलगी मंगळाची. बारापैकी पाच घरे झाली. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून साधारण दर दोन तासांनी मंगळाचे घर बदलते. म्हणजे दिवसाच्या २४ तासांतले सुमारे १० तास जन्मणारी सगळी बाळे मंगळाची! एकाच दवाखान्यात सकाळी आठला जन्मलेली मुलगी दोषी आणि दुपारी बाराची निर्दोष. मंगळ बिचारा करोडो किलोमीटर दूर आपल्या वाटेने चाललेला.

साडेसातीचेही तेच. शनी सूर्यापासून फार लांब, म्हणून त्याची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. बारा राशींत वाटली तर राशीला अडीच वर्षे. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, मिळून साडेसात. बारातल्या तीन राशी, म्हणजे कोणत्याही दिवशी चौथा हिस्सा जनता साडेसातीत असणारच. मग कुणाची नोकरी गेली की शनी सापडतो आणि मालक सुटतो. राहू-केतू तर ग्रहच नव्हेत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू.

आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रा. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची रीतसर परीक्षाच घेतली. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. हुशार मूल कोणते आणि मतिमंद कोणते, एवढेच ओळखायचे. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवले असते तरी ५० टक्के बरोबर आले असते. यांचे आले सरासरी ४६ टक्के! २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला. २०१३ साली दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. २०१४ साली आपले मंगळयान सुमारे ४५० कोटी रुपयांत मंगळाभोवती फिरू लागले. हिशेब एवढा अचूक असल्यावरच यान पोचते.

आपल्या धम्मात तर हा विषय केव्हाच निकालात निघाला आहे. ब्रह्मजाल सुत्तात ग्रह-नक्षत्रे पाहून भाकिते सांगण्याची गणना मिथ्या आजीविकेत केली आहे. नक्खत्त जातकातही शहरातल्या मंडळींनी खेड्यातली मुलगी ठरवली आणि ऐन लग्नाच्या दिवशी एका तपस्व्याला नक्षत्र विचारले. आधी विचारले नाही म्हणून तो रागावलेला. त्याने आज नको सांगितले. वऱ्हाड गेले नाही आणि खेड्यातल्या लोकांनी वाट पाहून मुलगी दुसऱ्याला दिली.

बैठकीत मी हे सगळे थोडक्यात सांगितले. आत्या मुकाट ऐकत होत्या. मग मी विचारले, "आत्या, तुमची जन्मवेळ काय?"

"आमची कोण लिहून ठेवतंय?" त्या म्हणाल्या. "शाळेत गुरुजींनी १ जून घातली."

खोलीतल्या चौघांनी आपलीही तीच तारीख असल्याचे सांगितले. त्यात मुलीचे वडीलही होते. आत्या हसल्या. लग्नाची तारीख मग रविवार बघून धरली, कारण त्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी.