रेशनची पावती टाकू नका

काल शेजारच्या काकू रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतल्या. धुणीभांडी करून बोटं झिजलेली, मशीनवर अंगठाच लागेना. अहो, कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो! आज नातू जाऊन धान्य घेऊन आला.

पावती मात्र तिथेच टाकून आला. ती वाचायची असते. प्राधान्य कार्डाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, तेही मोफत. पावतीवर २० आणि पिशवीत १८ भरलं तर तिथल्या तिथे विचारा. दाद लागली नाही तर १९६७ ला फोन करा.

बीडचं कार्ड पुण्यातही चालतं, बदलायची घाई नको.

धान्य घ्यायला एकाचा अंगठा पुरतो, ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) मात्र एकट्या कुटुंबप्रमुखाची करून भागत नाही, कार्डावरच्या प्रत्येकाची लागते.

कुणाचं काही अडलंय का? कमेंटमध्ये विचारा.