झाडांच्या मुळावर आलेली बिळे

पैनगंगेच्या दक्षिणेस, एकेकाळी निजामाच्या मुलखात, 1956 नंतर आंध्र प्रदेशात आणि 2014 पासून तेलंगणात मोडणाऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात तामसी हे मंडलाचे गाव आहे. दफ्तराची भाषा कालपरत्वे बदलत गेली तरी या पट्ट्यात घराघरांतून मराठी नांदते, आणि काळ्या जमिनीत कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा येथला कास्तकार घरामागच्या परसात आंबा, लिंबू, पेरू, डाळिंब, चार केळी आणि मोगऱ्याचा एखादा वेल लावून त्यांची शेतापेक्षाही अधिक मायेने निगा राखतो. अशा परसातील तीन-चार वर्षांचे, आता फळावर येणार म्हणून ज्याकडे घरातील सर्वांचे डोळे लागलेले असतात असे झाड फाल्गुन-चैत्राच्या सुमारास एकाएकी माना टाकते, हलवून पाहावे तो बुंधा जमिनीत डुगडुगतो, आणि मग दृष्ट लागल्यापासून खत जास्त झाल्यापर्यंत नाना कारणे सांगितली जातात. मुळाशी बीळ आढळले तर उपायांची गर्दी होते. परंतु त्यांतील बरेचसे उपाय चुकीच्या समजुतींवर उभारलेले असल्यामुळे झाडही जाते आणि बीळही राहते.

सर्वांत रूढ समजूत अशी की, घरच्या उकिरड्यावर पोसलेल्या घुशीच तेवढ्या बागेत उतरतात. उकिरडा निर्दोष असतो असे नाही. तथापि बागेवरील मोठी धाड येते ती शेतातून. सोयाबीन आश्विनात निघते, तूर पौषात, हरभरा माघ-फाल्गुनात, आणि कापसाची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या उपटल्या की सबंध शिवार उघडे पडते. महिनोन्‌महिने दाणा आणि आडोसा मुबलक मिळत असलेल्या उंदरांना त्या वेळी साऱ्या टापूत ओलावा आणि कोवळे मूळ आढळते ते केवळ पाणी दिलेल्या परसात. त्यात काळी जमीन उन्हाने भेगाळते, आणि बीळ खणण्याचे अर्धे श्रम त्या भेगाच वाचवितात. रचलेल्या पऱ्हाट्या-तुराट्यांचे ढीग, कडब्याची गंजी आणि गवताने माजलेले धुरे हे शेतातून बागेकडे येण्याच्या वाटेवरील त्यांचे मुक्काम होत. हे ढीग झाडांपासून दूर व जमिनीपासून हातभर उंच माचणावर रचणे आणि बुंध्याभोवतीचा पालापाचोळा हातभर मागे सारणे, एवढ्याने जो बंदोबस्त होतो तो कोणत्याही विषाच्या पुडीने होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खणणारा प्राणी कोण, हे ठरविण्यातही घोटाळा होतो. परदेशी बागकामाच्या पुस्तकांतून जमिनीखाली राहणारा, चिचुंद्रीसारखा दिसणारा मोल किंवा अमेरिकेतील गालात पिशव्या असलेला गोफर यांच्यावरील इलाज उचलले जातात. पण हे दोन्ही प्राणी दख्खनच्या पठारावर नाहीतच. येथे मुख्य गुन्हेगार आहे ती शेतातील लहान घूस. तिच्याहून मोठी, किलोभर वजनापर्यंत वाढणारी थोरली घूस, जिला आपले तेलुगू शेजारी पंदिकोक्कू म्हणतात, ती वस्तीच्या आसपास असते. शिवाय मऊ केसांचा शेतउंदीर भेगांतून राहतो आणि शेपटीच्या टोकाला झुपका असलेला हरिणमूस भुसभुशीत जमीन पसंत करतो. या गर्दीत विनाकारण मारली जाते ती चिचुंद्री. लांबट तोंडाची, दुर्गंधी सोडणारी ही चिचुंद्री कृंतक वर्गातील नव्हेच; तिला कुरतडणारे दात नाहीत आणि तिचा आहार झुरळे, किडे, अळ्या असा आहे. मुळाशी ती दिसली तर तेथील किडे खाण्यास आली आहे असे समजावे आणि तिला जाऊ द्यावे.

झाड वाळले म्हणजे उंदरानेच खाल्ले, हेही गृहीत धरू नये. निर्णय करण्याची रीत सोपी आहे, मात्र त्यासाठी गुडघे टेकून बसावे लागते. खुरप्याने बुंध्यालगतची माती वीतभर खोल हलकेच काढावी आणि साल व मूळ ज्या ठिकाणी एकत्र येतात तो भाग पाण्याने धुऊन पाहावा. कृंतक प्राण्याच्या पुढच्या दातांची जोडी सालीतून लाकडापर्यंत जाते, म्हणून तेथे दोन-दोन समांतर, छिन्नीने ओढल्यासारख्या खाचा दिसतात, खालचे लाकूड ताजे असेल तर पांढरे आणि स्वच्छ असते, आणि सालीचा भुगा आसपास सांडलेला असतो. वाळवी असेल तर सालीवर मातीचा गिलावा चढलेला आढळतो आणि तो खरवडला की आत किडे वळवळताना दिसतात. हुमणीने मुळे खाल्ली असतील तर बाहेर बीळ नसते, पण मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, पांढरी जाड अळी सापडते. घुशीच्या बिळाची आणखी एक खूण अशी की, तोंडाशी बारीक मातीचा ताजा ढीग असतो आणि आत राहणारी घूस ते तोंड मातीनेच बुजवून टाकते. त्यामुळे बुजलेले बीळ म्हणजे ओसाड बीळ, ही समजूत नेमकी उलटी ठरते. खरी परीक्षा करावयाची असल्यास सायंकाळी सर्व तोंडे मातीने बंद करावीत आणि जी सकाळी पुन्हा उघडलेली किंवा ताज्या मातीने भरलेली दिसतील ती जिवंत म्हणून खूण करून ठेवावीत.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. झाड मरते ते दातांनीच असे नाही. बुंध्याची साल सभोवार कुरतडली गेली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे उतरण्याची वाटच तुटते आणि मुळे उपासमारीने मरतात, हे खरे. परंतु साल शाबूत असतानाही केवळ बोगद्यांमुळे झाड जाऊ शकते. आळ्यात ओतलेले पाणी बोगद्यातून भलतीकडे निघून जाते, मुळांभोवती पोकळी राहिल्याने तंतुमुळे वाळतात आणि मग वाऱ्याच्या एखाद्या झोताने झाड कलते. म्हणूनच बिळात पाण्याचा पाट सोडून घुशीला बुडवू पाहणारा गृहस्थ स्वतःच्याच झाडाचे नुकसान करून बसतो: लहान घूस उत्तम पोहते, तिच्या बिळाला अनेक वाटा असतात, आणि भिजून खचते ती मुळांखालची माती.

बिळात काचांचे तुकडे किंवा बाभळीचे काटे कोंबणे, डांबरगोळ्या टाकणे, निंबोळी पेंड भरणे, असे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. घूस काचेच्या बाजूने नवा बोगदा खणते, डांबरगोळीचा वास मातीत फार दूर पोचत नाही, आणि पेंड हे खत म्हणून चांगले असले तरी त्याला कुंपणाचा गुण नाही. शिवाय काचा व काटे पुढे बागकाम करणाऱ्याच्याच हातापायांत शिरतात. गिरिपुष्पाचे, म्हणजे ज्याला उंदीरमारी म्हणतात त्या झाडाचे कुंपण लावले की उंदीर फिरकत नाहीत, ही समजूतही अशीच. मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाची साल व पाने धान्यात मिसळून, आंबवून उंदरांना घालण्याची चाल तिकडे आहे. पण केवळ कुंपणात उभे असलेले झाड कोणत्याही उंदराला अडवीत नाही. हिरवळीच्या खतासाठी ते अवश्य लावावे. श्राव्यातीत आवाज काढणारी यंत्रे बाजारात मिळतात, त्यांचा आवाज मातीत शिरत नाही आणि उंदीर त्याला लवकरच सरावतात.

मांजर पाळली की प्रश्न सुटला, असेही नव्हे. मांजर बिळात शिरत नाही, आणि पुरी वाढलेली घूस अंगावर धावून आली तर बहुतेक मांजरी माघार घेतात. बिळात शिरून शिकार करणारी खरी सोबतीण आहे ती धामण, आणि नेमकी तीच काठीने मारली जाते. ती गाईम्हशींच्या पायांना वेढा घालून दूध पिते, म्हशीच्या नाकात शेपूट घालते, तिच्या शेपटीत विष असते, यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. ती पूर्णतः बिनविषारी आहे, सापाच्या तोंडाची रचना दूध ओढण्याजोगी नसते, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तिला अभय दिले आहे. तद्वत गव्हाणी घुबड. त्याचे रात्रीचे चिरकणे अशुभ मानून जुन्या वाड्याच्या पडवीतून, झाडाच्या ढोलीतून त्याला हुसकावून लावले जाते. वस्तुतः त्याच्या आहारात उंदीर-घुशींचाच वाटा सर्वांत मोठा असतो. मलेशियातील तेलमाडाच्या मळ्यांतून आणि 1980 नंतरच्या दशकात इस्राएलच्या शेतांतून घुबडांसाठी लाकडी खोकी मुद्दाम टांगली गेली, ती याच हिशोबाने. आपल्याकडे बांधावर टी आकाराचा उंच लाकडी थांबा पुरला तरी रात्री घुबडाला टेहळणीची जागा मिळते.

विषासंबंधीची एक समजूत तर फारच खोल रुजलेली आहे: उंदरांना माणसाचे बोलणे कळते, म्हणून त्यांच्या देखत औषधाचे नाव काढू नये, काढले तर ते तोंड लावत नाहीत आणि सूडाने कपडे कुरतडतात. या समजुतीला आधार असलेला अनुभव खरा आहे, कारणमीमांसा मात्र चुकीची. उंदीर नव्या पदार्थाकडे मुळातच संशयाने पाहतो आणि प्रथम कणभरच चाखतो. झिंक फॉस्फाइडसारखे जलद विष असेल तर त्या कणाने पोटात दुखते, उंदीर वाचतो आणि पुन्हा त्या आमिषाकडे फिरकत नाही. म्हणून जाणकार मंडळी आधी दोन-तीन दिवस तेल लावलेले निर्विष धान्य ठेवून उंदरांचा विश्वास संपादन करतात आणि मगच विष मिसळतात. ब्रोमॅडिओलोन हे रक्त गोठू न देणारे औषध काही दिवसांनी परिणाम करते, त्यामुळे आमिषाचा आणि मृत्यूचा संबंध उंदराला लागत नाही, आणि माणसाच्या पोटात चुकून गेल्यास जीवनसत्त्व के हा त्यावर उतारा आहे. झिंक फॉस्फाइडवर मात्र कोणताही नेमका उतारा नाही. लहान मुले, कोंबड्या आणि गुरे ज्या परसात वावरतात तेथे या फरकाचे महत्त्व मी वेगळे सांगावयास नको. शिवाय विष खाऊन मंदावलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही बळी पडते. आमिष वापरावयाचेच तर जिवंत बिळाच्या आत खोल टाकून वरून तोंड बुजवावे, उघड्यावर पसरू नये. मेलेला उंदीर उघड्या हाताने कधीही उचलू नये: 1994 साली बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा उंदरांवरील पिसवांची आठवण साऱ्या मराठवाड्याला पुन्हा झाली होती.

माझ्या मते बागेपुरता सर्वांत भरवशाचा उपाय लोखंडी जाळीचा आहे, आणि त्याच्याविरुद्धचा आक्षेप, की जाळीत मुळे कोंडून झाड खुरटते, हा अर्धवट माहितीतून आलेला आहे. रोप लावतानाच खड्ड्यात दोन फूट व्यासाची, तितकीच खोल, जस्त चढविलेल्या बारीक तारेची टोपली बसवावी. छिद्र अर्ध्या इंचाहून मोठे नको, आणि काठ जमिनीच्या वर वीतभर राहू द्यावा, नाही तर घूस वरून उतरते. तंतुमुळे छिद्रांतून सहज बाहेर जातात, आणि बारीक तार काही वर्षांत गंजून तुटेपर्यंत झाडाचा बुंधा दातांना पुरून उरेल इतका जाड झालेला असतो. जाड, ताठ तारेची जाळी मोठ्या वृक्षाला खरोखरच काचते. ती निशिगंध, रताळी, आले यांच्या वाफ्याखाली अंथरण्यास योग्य, आणि लहान उंदरांसाठी तेथे पाव इंची छिद्र हवे. लावून झालेल्या झाडाला बुंध्यापासून दोन इंच सैल असे जाळीचे कोंडाळे करावे, ते थोडे जमिनीत पुरावे, आणि दरवर्षी ढिले करावे.

रानालगतच्या वाड्यांत साल सोललेली दिसली, पायथ्याशी खोल उकीर आढळला आणि एखादा काळा-पांढरा काटा पडलेला सापडला, तर तो साळिंदराचा उद्योग समजावा. साळिंदर काटे बाणांसारखे फेकते ही गोष्ट खरी नाही; ते पाठ फिरवून मागे धावते आणि सैल काटे शत्रूच्या अंगात रुतून राहतात. त्यालाही कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून कुंपणाची जाळी फूटभर जमिनीत पुरणे हाच रास्त मार्ग. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्याने साळिंदरापेक्षा रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी मरण्याचा संभव अधिक.

एकट्याने आपले परस निर्वेध करून ठेवावे आणि शेजारच्याचा धुरा तसाच असावा, तर रिकामे झालेले बीळ थोड्याच दिवसांत नवी घूस काबीज करते. तिची पिल्ले तीन आठवड्यांच्या गर्भावधीनंतर सहा-आठच्या संख्येने जन्मतात. म्हणून वैशाख-ज्येष्ठात, पाऊस पडून पिके उभी राहण्याच्या आत, जेव्हा उंदीर संख्येने कमी आणि भुकेने व्याकूळ असतात, तेव्हा आळीतील सर्वांनी एकाच आठवड्यात धुरे साफ करणे आणि जिवंत बिळे हाताळणे सर्वांत फायद्याचे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत 1977 साली कृंतक-नियंत्रणाची अखिल भारतीय योजना सुरू झाली, आणि हैदराबादेत राजेंद्रनगर येथील राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेत या विषयाचे शिक्षण मिळते. गावकीने मोहीम ठरविताना कृषी अधिकाऱ्यामार्फत तेथला सल्ला मागविणे अशक्य नाही.

कुरतडलेले झाड गेलेच, असे समजून त्यावर कुऱ्हाड चालविण्याची घाई मात्र करू नये. जखम बुंध्याच्या अर्ध्याहून कमी भागात असेल तर धारदार चाकूने कडा नीट करून, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणातला बोर्डो मलम लावावा, बोगदे ओल्या मातीने घट्ट ठोकून भरावेत आणि काही फांद्या छाटून मुळांवरचा भार हलका करावा. साल सभोवार गेली असेल आणि झाड आंब्याचे असेल, तर पावसाळ्याच्या आरंभी त्याच्या शेजारी कोयीची दोन-तीन जोमदार रोपे लावून त्यांचे शेंडे जखमेच्या वर खोडात भेटकलमाच्या रीतीने बांधावेत. ती जुळली की जुने झाड नव्या मुळांवर जगते, आणि जाळी या खेपेस त्या नव्या रोपांभोवती पहिल्याच दिवशी बसवावी.