टायमिंग बेल्ट तुटण्याआधी किंचाळत नाही

“बेल्ट बघितलाय मी, ठणठणीत आहे.” जुनी गाडी घेताना हे वाक्य हमखास कानावर येतं. बहुतेक वेळा पाहिलेला असतो तो फॅन बेल्ट. बॉनेट उघडलं की तो समोरच दिसतो आणि सैल झाला की सकाळी किंचाळतो. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो. त्याला दाते असल्यामुळे तो घसरून ओरडत नाही, बरेचदा गुपचूप तुटतो किंवा त्याचे दाते सोलले जातात.

कव्हर काढून पाहिलं तरी फार काही कळत नाही. ताण पेलतात ते रबराच्या आतले काचतंतूंचे दोर, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. माझ्या गाडीचा जुना बेल्ट काढला तेव्हा पाठीवरून अगदी नवा वाटत होता. उलटा वाकवल्यावर दात्यांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा उघडल्या. “गाडी महिन्यातून दोनदाच काढतो” ही सबबही चालत नाही, कारण उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतील, तर जे आधी भरेल ते धरायचं.

“तुटला तर तुटला, टो करून नेऊ.” हे इंजिनवर अवलंबून आहे. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, आणि हे गणित बेल्ट सांभाळतो. तो तुटला की कॅम थांबतो, पण पिस्टन वर येतच राहतात. काही पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये पुरेशी जागा असते, तिथे गाडी फक्त बंद पडते. इतरांत व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. डिझेलमध्ये तर जवळपास नेहमीच. म्हणून चालत्या गाडीचं इंजिन अचानक गप्प झालं आणि बेल्टचा संशय असला, तर पुन्हा सेल्फ मारू नका, धक्काही मारू नका.

डिझेल म्हणजे बेल्ट, पेट्रोल म्हणजे चेन असाही नियम नाही. स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन होती, जुन्या पेट्रोल सँट्रोला बेल्ट. चेनसुद्धा अमर नसते. ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही ढिली पडते.

आता घरी बदलण्याविषयी. “तासाभराचं काम आहे” असं सांगणाऱ्याने ते बहुधा उभं राहून पाहिलेलं असतं. आडव्या इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत चाक काढा, फॅन बेल्ट काढा, सम्पखाली लाकडाचा ठोकळा ठेवून इंजिनाला जॅक द्या, माउंटिंग सोडवा, क्रँक पुली उतरवा, तेव्हा कुठे बेल्टचं दर्शन होतं. त्या पुलीचा बोल्ट एकटाच अर्धा दिवस खाऊ शकतो.

पण खरी चूक होते ती पुढे. “क्रँकची खूण जुळली, झालं काम.” ती खूण प्रत्येक फेरीला जुळते, कॅमची मात्र एक फेरी सोडून. म्हणून दोन्ही खुणा एकाच वेळी जुळायला हव्यात. जुन्या बेल्टवर पांढऱ्या पेनने खुणा करून, दाते मोजून नव्यावर उतरवणं चांगलं, पण शेवटचा शब्द इंजिनावरच्या खुणांचा. २० दात्यांच्या क्रँक पुलीवर एक दाता चुकला म्हणजे १८ अंशांचा फरक. गंमत म्हणजे गाडी तरीही सुरू होऊ शकते. आयडलिंगला थरथरते, चढावर दम टाकते आणि आपण कार्ब्युरेटर, इंजेक्टर, प्लग यांना दोष देत बसतो.

यावर उपाय स्वस्त आहे. बेल्ट ताणल्यावर क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने, हाताने दोन पूर्ण फेऱ्या द्या आणि खुणा पुन्हा पाहा. पेट्रोल गाडीचे प्लग आधी काढले तर पाना हलका फिरतो आणि कुठे अडलं तर लगेच कळतं. अडलं की थांबा, जोर लावू नका. बेल्ट उतरलेला असताना क्रँक किंवा कॅम एकटा फिरवण्याचा मोहही टाळा.

“जितका घट्ट तितका चांगला” हाही गैरसमजच. अति ताणलेला बेल्ट गुणगुणतो आणि बेअरिंगं खातो. आणि नुसता बेल्ट बदलून पैसे वाचवू नका. टेन्शनर आणि आयडलर सोबत बदला, वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. जुन्या पंपाचं बेअरिंग अडकलं की नवा बेल्टही जातो, आणि मग तो हट्टी बोल्ट पुन्हा सोडवायला बसायचं. कव्हर परत लावण्यापूर्वी त्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.